चाळीस हात लांबीची बाज

मला मदत केली ती शिरड शहापूरच्या बाजवाल्या चाचांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी गोष्ट सांगायला लागलो की घाबराघुबरा होऊन सांगतो, आणि ज्याचं नाव पहिलं यायला हवं तोच माणूस शेवटी राहून जातो. आता नाव म्हणावं तर चाचांचं खरं नाव गावात कुणीच घेत नाही, म्हणून मीही घेत नाही. पण एवढं छातीवर हात ठेवून सांगतो, की दुसऱ्याच्या झोपेची इतकी काळजी करणारा आणि दुसऱ्याला इतकं कमी झोपू देणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झालेला नाही.

चाचांचा धंदा बाजा विणायचा. बाभळीच्या चौकटीवर काथ्याची दोरी अशी ताणायची, की वर टाकलेली सुपारी हातभर उडाली पाहिजे. बाजेच्या पायथ्याशी एक ताणदोरी असते. ती वरचेवर आवळावी लागते, नाहीतर बाज मधोमध झोळीसारखी होते. लोक ती वर्ष वर्ष आवळत नाहीत, आणि ही गोष्ट चाचांना सहन होत नाही. ते कुणाच्याही घरी गेले की माणसांना रामराम, सलाम करायच्या आधी बाजेवर तळहात दाबून बघतात. एकदा गावात एक वडीलधारा माणूस वारला. चाचा भेटायला गेले, सगळे खाली मान घालून बसले होते, चाचाही बसले; पण बसायला मिळाली ती नेमकी म्हाताऱ्याचीच बाज. हात आपोआप खाली गेला. चहा येईपर्यंत चाचांनी तोंडानं हळहळत हातानं सगळी ताणदोरी आवळून काढली. म्हाताऱ्याचा मुलगा गहिवरून म्हणाला, "चाचा, बाबा असते तर लई बरं वाटलं असतं त्यास्नी." चाचा म्हणाले, "ते असताना काहून बोलावलं न्हाई मग?" मुलानं चहाचा कप त्यांच्या हातात दिला. मग चहा सगळ्यांनीच घेतला.

मोजमापाला त्यांच्याकडे टेप नाही. टेप माणसाची लांबी सांगते, झोप सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकानं दुकानासमोर पोत्यावर आडवं व्हायचं, मग चाचा डोक्याशी आणि टाचेशी खडूनं रेघ मारतात. एका आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांनी पोलीस चौकीच्या जमादारांना असं भर रस्त्यात आडवं केलं. "आता कुशीवर व्हा. झोपेत पाय पोटाशी घेता का लांब सोडता?" जमादार कुशीवर झाले, पाय पोटाशी घेतले, आणि डोळे मिटून आठवायला लागले. तेवढ्यात जमादार चक्कर येऊन पडल्याची बातमी बाजारभर झाली आणि कुणीतरी कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला. पण बाज अशी उतरली, की जमादारांची बदली झाली तेव्हा त्यांनी बाकीचं सामान टेम्पोनं पाठवलं आणि बाजेसोबत स्वतः ट्रॅक्टरमधून गेले.

स्वतः चाचा जमिनीवर सतरंजी टाकून झोपतात. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "बाजेवर पडलं की बोटं गाठी मोजू लागतात. झोप कुठून येनार?" यावर आतून चाचींचा आवाज आला, "गावाला झोप विकून राहिले, आन् घरात चाळीस वरसं कुनाला नीट झोपू दिलं न्हाई." चाचा म्हणाले, "बराबर हाय." ते चाचींचं कुठलंच म्हणणं खोडत नाहीत, आणि कुठलंच ऐकतही नाहीत.

आता मी इथं कसा आलो ते. मी तळकोकणातला, गोव्याच्या शिवेला जिथं महाराष्ट्र संपतो तिथला. आठवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे मीच सोडली, शाळेनं काही अडवलं नाही. पुढं कटर चालवायला शिकलो. कटर म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत, माणसाच्या कवेत न मावणारं झाड चहा पिऊन होईपर्यंत आडवं करते. आमच्या कंत्राटदारानं रस्ता रुंद करायचं काम घेतलं आणि टोळी या भागात आणली. वड, लिंब, चिंचा, रांगच्या रांग. काम संपत आलं आणि मला ताप भरला. टोळीला पुढच्या कामाला जायचं होतं, ती गेली. मी तोडलेल्या ओंडक्यांच्या ढिगावर पडून राहिलो. मला तशी सगळ्याचीच काळजी वाटते, त्या दिवशी मात्र तापानं काळजी करायचंही त्राण नव्हतं.

चाचा तिथं बाजेच्या पायांसाठी लाकूड बघायला आले होते. माझा ताप त्यांना नंतर कळला. आधी दिसलं ते माझं झोपणं. "ए पोरा, लाकडावर कोनी झोपतं काय रे? पाठ हाय का फळी?" त्यांनी कपाळाला हात लावला, मग शेजारच्या गयाबाईंच्या मुलाची बैलगाडी बोलावली, आणि मला घरी नेऊन नव्या, विकायच्या बाजेवर टाकलं. अकरा दिवस मी त्या बाजेवर होतो. चाची पेज द्यायच्या, डॉक्टर गोळ्या द्यायचे, आणि चाचा रोज सकाळी मला उचलून भिंतीला टेकवून ठेवायचे, ताणदोरी आवळायचे आणि परत ठेवायचे. मी बरा झालो तो कशानं, यावर त्या घरात अजून एकमत नाही. पुढं गावातल्याच वखारीत मला काम मिळालं, राहायला चाचांच्या दुकानामागची खोली मिळाली, आणि नाव मिळालं कोकण्या.

रस्त्याकडेचे वड गेल्यावर त्यावरची वानरं गावात आली. ती आता पत्र्यांवरून पळतात, हरभरा उपटतात, आणि वाळत घातलेल्या गोधड्यांवर बसून एकमेकांच्या उवा बघतात. गाव त्यांना दगड मारतं. चाचा मारत नाहीत. "घर मोडलेला मानूस दारात आला तर आपन काय करतो?" असं म्हणतात, आणि माझ्याकडे बघत नाहीत. हे न बघणं मला दगडापेक्षा जास्त लागायचं.

अशात एक दिवस आईचा फोन आला. मी दुकानाच्या पायरीवर बसून बोलत होतो. आई म्हणाली, "झिला, रस्त्यार एक वनमाणूस मेलेलो गावलो. गाडयेखाली. दुसरी मागीलदारच्या जाळीत आसा. पोटाक पिल्लू आसा तिच्या." फोन ठेवल्यावर माझं तोंड बघून चाचांनी विचारलं, "कोन मेलं?"

वनमाणूस म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, सहा फुटी काहीतरी असेल. चाचांनाही तेच वाटलं. गाडीचं काय झालं, असं त्यांनी आधी विचारलं. मग मी सांगितलं. प्राणी ओंजळीत मावेल एवढा. वानराच्याच गोतातला, पण शेपूट नाही, हातपाय काडीसारखे, आणि डोळे असे, की चेहऱ्यावर दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. पुस्तकात त्याला लाजवंती म्हणतात, असं वनखात्याच्या एका माणसानं सांगितलं होतं. दिवसभर वेलींच्या जाळीत गोळा होऊन झोपतो, दिवेलागणीला उठून मुंग्या-किडे शोधत फिरतो. त्याला उडी मारता येत नाही. एक हात पुढं न्यायचा, फांदी धरायची, मगच मागचा पाय सोडायचा. फांदीला फांदी लागलेली नसेल, तर त्याचं जग तिथं संपलं.

चाचांनी हातातली दोरी खाली ठेवली. हे ते सहसा करत नाहीत.

"उडी न्हाई?"

"नाही."

"बिल्कुल?"

"बिल्कुल नाही."

"वांदराच्या जातीचा हाय आन् उडी न्हाई! मंग रस्ता कसा पार करतो?"

"खाली उतरून. चालत. फार हळू."

"वरून काहून न्हाई जात?"

"वर झाडं होती. आता नाहीत."

"कोनी तोडली?"

"मी," मी म्हणालो.

आणि मग सगळंच सांगितलं. आमच्या घरामागं रानाचा एक पट्टा आहे, आणि रस्त्याच्या पलीकडं देवाची राई, जिथं कुणी कोयतीही लावत नाही. मधला रस्ता पूर्वी बैलगाडीचा होता. दोन्हीकडच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या असायच्या, खालून जाताना भर दुपारी सावली. रस्ता मोठा करायचा ठरला तेव्हा कंत्राटदाराला गावातलाच, झाडांची माहिती असलेला माणूस हवा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा कटर धरला तो त्या झाडांवर. चांगला चालवला म्हणून मला कायम ठेवलं. आता तो मागचा पट्टाही मालकांनी रबराच्या लागवडीला दिला होता. शिमगा झाला की साफ करणार होते. रबराचीही झाडंच असतात, बाहेरून बघणाऱ्याला हिरवंच दिसतं. पण ती ओळीत उभी, खाली ना वेल ना जाळी. वनमाणसाला त्यात ना झोपायला जागा, ना खायला मुंगी. म्हणजे त्या मादीला पिल्लू घेऊन शिमग्याच्या आत रस्ता ओलांडून राईत जायला हवं होतं. आणि रस्त्यावरून जायचं, तर तिच्या नरासारखं जायचं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. ढिली बाज बघतात तसं बघितलं. रागानं नाही, आवळायला कुठून सुरुवात करावी, असं.

"दोरी किती हात लागंल?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, चाळीस.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद झालं. म्हणजे उघडं होतं, पण गिऱ्हाइकाला आत घेत नव्हते. दोन घरच्या लग्नांच्या बाजा अडकल्या. एका नवरदेवाचा बाप येऊन ओरडून गेला. चाचा म्हणाले, "नवरा-नवरीला उडी मारता येते ना? मंग थांबा." पंधरा दिवसांत त्यांनी चाळीस हात लांब आणि वीतभर रुंद असं एक काम विणलं, की मी तसं विणकाम जन्मात बघितलं नाही. चौकडीला चौकडी, एक धागा वर नाही, एक खाली नाही. ते आम्ही दुकानाच्या लिंबापासून बोळ ओलांडून गयाबाईंच्या चिंचेपर्यंत बांधलं. कोकणात नेण्याआधी इथल्या वानरांवर पारखून घ्यायचं, असं चाचांचं म्हणणं. गयाबाई परसात हळद निवडत बसल्या होत्या. वर बघून म्हणाल्या, "अवं चाचा, ही काय वाळवनाची दोरी हाय का? मिरच्या घालू का?"

"हात लावायचा न्हाई. जनावराचा पूल हाय."

"मानसाचे पूल पडून राहिलेत, आन् तुमी जनावराचे बांधा."

तासाभरात वानरं आली. पुढं मोठा नर. त्यानं पुलाचा वास घेतला, एक पाय टाकला, मग दुसरा, आणि मधोमध येऊन बसला. चाचांनी माझा दंड धरला. नरानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि अंग टाकून दिलं. आडवाच झाला. मागून एक मादी आली, तिनं त्याच्या पाठीतल्या उवा बघायला घेतल्या. दुपारपर्यंत पाच वानरं त्या पुलावर झोपली होती, एकाचा हात खाली लोंबत होता. गयाबाई म्हणाल्या, "चाचा, तुमचं गिऱ्हाईक लई खूश दिसतंय."

चाचा दिवसभर छाती काढून फिरले. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वर दाखवलं. मी एकटाच गप्प होतो, पण त्यांचा आनंद बघून मला बोलवेना. संध्याकाळी वानरं उठली, आळस दिला, आणि ज्या झाडावरून आली होती त्याच झाडावर परत गेली. एकही पलीकडं गेलं नाही. चाचांनी मान वर करून सगळी वीण एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"कोकण्या," ते म्हणाले, "हा पूल न्हाई रे. ही बाजच झाली."

आणि तसंच होतं. पन्नास वर्षं ज्या हातांनी माणसं झोपवली, त्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. मी भीत भीत सांगितलं, की उघड्यावर रस्त्याच्या मधोमध वनमाणूस बसून राहिला तर घुबड उचलून नेईल. शिवाय त्याची मूठ माझ्या करंगळीच्या पेराएवढी, त्याला सपाट विणीवर चालता येणार नाही. त्याला धरायला बारीक दोऱ्या हव्यात, वेड्यावाकड्या गुंतलेल्या, वेलींसारख्या. थोडक्यात, विणलेलं वाटूच नये असं विणकाम.

"म्हंजे खराब विनायचं," चाचा म्हणाले.

"हो."

"जानूनबुजून."

"हो चाचा."

चाचींनी मला बाजूला घेऊन विचारलं, की मी यांना काय बोललो. चाचांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली होती. पण सकाळी चाचा कामाला बसले. पहिला सगळा पूल उसवला. नव्यानं दोन लांब दोऱ्या ताणल्या आणि मध्ये गचाळ जाळी करायला घेतली. अर्ध्या तासानं बघितलं तर जाळी सरळ झालेली. परत उसवली. डोळे मिटून विणून बघितलं, तर आणखीच सुबक झाली. डाव्या हातानं केलं, तर डावा हात उजव्याचा भाऊच निघाला. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी त्यांनी मला वखारीतून बोलावून घेतलं आणि दोरीचा गुंडा माझ्या मांडीवर टाकला.

"तू बांध."

"मला येत नाही चाचा."

"तेच पायजे."

मला आजवर न येणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे. गणितापासून सुरू होते. पण येत नाही म्हणून काम मिळाल्याची ही पहिलीच वेळ. मी बांधत गेलो. गाठ मारायची तिथं वेढा पडायचा, वेढा द्यायचा तिथं गाठ. चाचा समोर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, कारण मोकळे सोडले तर हात पुढं येऊन दुरुस्त करायचे. मधूनच डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी एक गाठ अशी मारली, की त्यांच्या तोंडून "या अल्ला" निघालं. मी थांबलो. म्हणाले, "न्हाई न्हाई, चालू दे. लई खराब हाय. छान हाय." दोन्ही टोकांच्या गाठी मात्र त्यांनी मारल्या. ज्या गाठीवर जीव लोंबणार, ती माझ्या हातची त्यांना चालली नसती, आणि मलाही नाही.

पुन्हा लिंब ते चिंच. वानरं आली. नर मधोमध आला, बसून बघितलं, गाठ टोचली, उठला, दुसरीकडं बसला, तिथंही टोचली. मग तो रागावून तडक पलीकडं चिंचेवर गेला. मागून बाकीची गेली. एकही थांबलं नाही. मी टाळ्या वाजवल्या. चाचांचा चेहरा उतरलेला.

"चाचा, पार गेली की सगळी!"

"पार गेली रे," ते म्हणाले, "पन कोनी पाठ न्हाई टेकली."

वखारीतून आठ दिवसांची सुट्टी काढून मी पोतं घेऊन निघालो. वाटेत एका कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय?" मी म्हणालो, "पूल." "कुणाचा?" "वनमाणसाचा." त्यानं थोडा विचार केला आणि सामानाचं तिकीट फाडलं. गावात वनरक्षकांना विचारलं. त्यांनी पोतं उघडून बघितलं, असलं विणकाम कुणी केलं म्हणून हसले, आणि ट्रकला लागणार नाही एवढ्या उंच बांधायला सांगून स्वतः खाली रस्त्यावर थांबले. मी वर चढलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना मीच तोडलेल्या झाडांचे बुंधे होते, त्यांच्या मागच्या झाडांना मी दोरी बांधली. वरून ते बुंधे ताटाएवढे दिसत होते. कापलेला भाग अगदी सपाट. मी कटर खरंच चांगला चालवायचो.

परत शिरड शहापूरला आलो आणि वाट बघणं सुरू झालं. आई रोज दिवेलागणीला मागीलदारी बसायची आणि काय दिसलं ते फोनवर सांगायची. चाचा रोज विचारायचे, "आला?" मी म्हणायचो, नाही. पंधरा दिवस झाले, वीस झाले. मादी जाळीतून बाहेर यायची, दोरीच्या टोकापर्यंत यायची, आणि मागं फिरायची. शेवटी चाचांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"भाभी, सलाम. गाठी टोचत असतील का त्याला?"

"टोचणत नाय ओ. तां वर चढाकच नाय."

"काहून?"

"भियेता. दोरयेक माणसाचो वास येता."

"माझ्या दोरीला वास?" चाचांनी स्वतःचा हात नाकाला लावून बघितला. "मंग काय करावं म्हनता?"

"मी रानातली वेल आकडयेन वर टाकतंय. टोकाक गुंडाळतंय."

"गुंडाळा, भाभी. पन ऐका. कसून न्हाई. ढिली. जरा ढिलीच असू द्या."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

शिमगा चार दिवसांवर आला तरी काही नाही. माझ्या तोंडची चव गेली. वखारीत मालक म्हणाला, "कोकण्या, बोट कापून घेशील, घरी जा." मी दुकानात येऊन बसलो, दोरी वळायला घेतली. तेवढ्यात फोन वाजला. आई एवढ्या मोठ्यानं बोलत होती, की कानाला लावायची गरज नव्हती.

"गेलां रे! पिल्लाक घेवन गेलां!"

झालं ते असं. दिवेलागणीला मादी वेलीवरून दोरीवर आली. एक हात, मग दुसरा, पोटाला पिल्लू. अर्ध्या वाटेवर आली आणि खालून डंपर येताना दिसला, दिवे लावून. आई रस्त्यात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात वर करून. ड्रायव्हर ओरडला, "मावशे, मराक इलंस काय?" आई म्हणाली, "वर बघ. आनी दिवे मालव आधी." त्यानं बघितलं, दिवे मालवले, इंजिनही बंद केलं. "कोण गो तां?" त्यानं विचारलं. आई म्हणाली, "तुज्यापेक्षा शाणां. गप रव." मग दोघंही मान वर करून गप राहिली. मादी पलीकडच्या झाडात शिरली तेव्हा डंपरच्या मागं तीन गाड्या उभ्या होत्या.

मी हे चाचांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मधी थांबला का?"

"थांबली. पिल्लू सरकलं होतं, ते नीट करायला."

"किती वेळ?"

"आई म्हणाली, सुपारी कातरून होईपर्यंत."

चाचा उठले, बाहेर गेले आणि बोळातून हाक मारली, "अवं गयाबाई! थांबला म्हनं तो. आरामात बसला. लेकरू घिऊन बसला." कुणी थांबू नये म्हणूनच एवढा खटाटोप केला होता, हे माझ्या ओठावर आलं होतं. मी अर्धी राहिलेली दोरी परत वळायला घेतली.

शिमग्यानंतर आईचा फोन आला तेव्हा मागं कटरचा आवाज होता. आई त्याबद्दल काही बोलली नाही, जेवलास का एवढंच विचारलं. पण मला आवाजावरून कळतं, कोवळं झाड आहे का जुनं. जुनी होती. त्या पट्ट्यात आणखी किती जणी होत्या ते आम्हाला माहीत नाही. आईला दिसली ती एक आणि तिचं पिल्लू. राईतही ती दोघं पुन्हा दिसली नाहीत, आणि राईत न दिसणं हे बरं लक्षण असतं, असं आई म्हणते. मी ते खरं धरून चालतो.

चाचांनी त्या दिवशी मला जवळ बसवून सांगितलं, "काथ्या हाय. तुमच्याकडच्या पानकळ्यात, तसल्या पावसात, दोन वरसं टिकंल, लई झालं तर तीन. दोरी म्हंजे झाड न्हाई बेटा." मग ते लग्नाच्या अडकलेल्या बाजांकडे वळले. पावसाच्या तोंडावर मी गावी जाऊन रस्त्याच्या दोन्ही कडांना, माझ्या बुंध्यांच्या शेजारी, लवकर वाढणारी रानातली रोपं लावून आलो आणि वर जाणाऱ्या वेली सोडल्या. आई पाणी घालते, कुंपण करते, गुरं हाकते. यंदा रोपं तिच्या कमरेएवढी झाली आहेत. मला अजून सगळ्याचीच काळजी वाटते, दोरी आधी तुटेल का फांद्या आधी पोचतील याची सगळ्यात जास्त. पण ज्या दिवशी या बाजूची फांदी त्या बाजूच्या फांदीला लागेल, त्या दिवशी मी वर चढेन, चाचांनी मारलेल्या त्या दोन गाठी माझ्या हातानं सोडेन, आणि ती दोरी, कुजली असेल तर कुजलेली, शिरड शहापूरला आणून त्यांच्या मांडीवर ठेवेन. काम झालं चाचा, म्हणेन. आता ही लागत नाही.